‘मला काही होत नाही, पण इतरांचं काय?’ : बंदीच्या अर्जावर सही करण्याआधी

मी ग्रंथालयात काम करते. ‘हे पुस्तक कपाटातून काढा’ असे अर्ज आले की ते माझ्या टेबलावर येतात. कधी पालकांचे किंवा शिक्षकांचे गट एखादा खेळ, मालिका, गाणं बंद व्हावं म्हणून मसुदा घेऊन येतात आणि ‘जरा नजर टाका’ म्हणतात. इतके अर्ज वाचल्यावर एक गोष्ट ठळक दिसायला लागली. ‘हे वाचून माझं मन बिघडलं’ असं अर्जदार कधीच लिहीत नाही. बिघडणारं मन दुसऱ्या कुणाचं तरी असतं. लहान मुलांचं, तरुणांचं, कमी शिकलेल्यांचं, ‘भोळ्या वाचकांचं’. अर्जदाराने पुस्तक पूर्ण वाचलेलं असतं, आक्षेपाच्या पानांचे क्रमांकही दिलेले असतात, पण स्वतःवर काही परिणाम झाल्याची नोंद नसते.

हे लोक खोटं बोलत नाहीत. त्यांची काळजी बहुतेक वेळा मनापासूनची असते, आणि म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी. ज्यांच्यासमोर सहीसाठी कागद आला आहे आणि ज्यांना त्या कागदावर निर्णय द्यायचा आहे, अशा दोघांसाठी हे लिहिते आहे.

ही सवय किती जुनी आणि किती पक्की आहे

कोलंबिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ साली ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’ या नियतकालिकात या प्रकाराला नाव दिलं : थर्ड पर्सन इफेक्ट. आपण त्याला तृतीयपुरुषी परिणाम म्हणू. त्याचे दोन भाग आहेत. एक, माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो असं माणसाला वाटतं. दोन, त्या वाटण्याच्या भरवशावर माणूस काहीतरी कृती करतो.

डेव्हिसन यांनी सुरुवातीलाच दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा दिला आहे. इवो जिमा बेटावर अमेरिकेची एक तुकडी होती, सैनिक कृष्णवर्णीय आणि अधिकारी गोरे. जपान्यांनी तिच्यावर पत्रकं टाकली : हे गोऱ्यांचं युद्ध आहे, त्यांच्यासाठी जीव देऊ नका, शरण या. सैनिक डळमळल्याचा काही पुरावा नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी तुकडी मागे घेतली गेली. पत्रकांनी काम केलं ते अधिकाऱ्यांवर, आणि तेही ‘आपली माणसं फिततील’ या अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या अंदाजातून. पश्चिम जर्मनीतल्या पत्रकारांचंही एक निरीक्षण ते सांगतात : अग्रलेखांचा तुमच्या-माझ्यावर फारसा परिणाम होत नाही, सामान्य वाचकावर मात्र बराच होतो, असं ते पत्रकार म्हणत. सेन्सॉरबद्दलही त्याच लेखात एक नेमकं वाक्य आहे. त्याचा आशय असा, की ज्या मजकुरावर बंदी घालायची त्याने आपल्यालाच बिघडवलं असं कबूल करणारा सेन्सॉर सापडणं अवघड आहे.

डेव्हिसन यांचे स्वतःचे प्रयोग छोटे आणि अनौपचारिक होते. पण पुढे अभ्यासांचा ढीग झाला. २००० साली ३२ अभ्यासांचे आणि २००८ साली १०६ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिला भाग भक्कम निघाला. ‘मी कमी, इतर जास्त’ ही दरी जवळजवळ सगळीकडे दिसते. दुसरा भाग तितका मजबूत नाही. माध्यमसंशोधक अल्बर्ट गंथर यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या प्रौढांचा अभ्यास केला. अश्लील साहित्याबाबत ज्यांच्या मनात ही दरी मोठी होती, त्यांचा निर्बंधांना पाठिंबाही जास्त होता. हिंसक मालिका, रॅप गाणी अशा विषयांवर असाच कल दिसला, पण धागा बारीक आहे. २०१८ साली खोट्या बातम्यांवरच्या एका अभ्यासात तर उलट दिसलं : दरी मोठी असलेल्यांनी सरकारी नियमनाला कमी आणि माध्यमसाक्षरतेला, म्हणजे बातमी पारखून घ्यायला शिकवण्याला, जास्त पाठिंबा दिला. तेव्हा ‘लोक फसतील’ असं म्हणणारा प्रत्येक जण बंदीवालाच, असा शिक्का मारू नका.

आधी स्वतःचं लिहा

अर्ज हातात आला की मूळ गोष्ट आधी पूर्ण वाचा, पाहा किंवा ऐका. पूर्ण म्हणजे पूर्ण. नुसती खूण केलेली पानं वाचून मत बनवलं, तर ते अर्जदाराने निवडलेल्या उताऱ्यांवरचं मत होईल.

मग कुणाशीही बोलण्याआधी एका कागदावर ‘याने माझं काय झालं’ एवढंच लिहा. राग आला, किळस आली, भीती वाटली, कुतूहल वाटलं, शरीर चाळवलं, कंटाळा आला, काहीही. हा कागद कुणाला दाखवायचा नसतो, त्यामुळे सभ्य भाषेची गरज नाही. माझा आग्रह असतो की किळस आणि हानी या दोन गोष्टी वेगळ्या ओळींवर लिहा. ‘मला हे किळसवाणं वाटतं’ हे अगदी प्रामाणिक वाक्य आहे, आणि ते पुस्तक मिटून ठेवायला तेवढं कारण पुरेसं आहे. गडबड पुढे होते. ‘मला आवडलं नाही’ हे अर्जात लिहायला हलकं वाटतं, म्हणून त्याच्या जागी ‘समाजाला घातक आहे’ असं लिहिलं जातं. लिहिणाऱ्यालाही ही अदलाबदल जाणवत नाही.

त्याच कागदावर आणखी एक प्रश्न घ्या : माझ्यावर परिणाम झाला नाही हे मला कसं कळलं? ‘मी कमी, इतर जास्त’ ही दरी दोन बाजूंनी तयार होऊ शकते. इतरांवरचा परिणाम आपण फुगवत असू, किंवा स्वतःवरचा झाकत असू. जाहिरातींचा आपल्यावर परिणाम होत नाही असं बहुतेकांना वाटतं, पण गेल्या खेपेला घेतलेल्या वस्तूचं नाव पहिल्यांदा कुठे ऐकलं ते आठवायला सांगितलं की माणूस थांबतो. तेव्हा या तपासणीतून ‘कुणालाच काही होत नाही’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. कदाचित तुम्हालाही होतं.

‘लोक’ खोडा, माणूस लिहा

माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. अर्जात जिथे जिथे ‘लोक’, ‘समाज’, ‘तरुण पिढी’, ‘मुलं’ आहे तिथे रेघ मारा आणि वर एक खरी, ओळखीची व्यक्ती लिहा. नाव अर्जात जाणार नाही, ते फक्त तुमच्यापुरतं. ‘माझ्या भावाची चौदा वर्षांची मुलगी’. ‘शेजारचे निवृत्त आजोबा’. मग विचारा : ही व्यक्ती हे वाचेल का? तीनशे पानांची कादंबरी तिच्या हाती कशी येईल? वाचलीच तर कुठल्या वयात, कुणाच्या सोबतीने, आधी काय काय वाचून झाल्यावर?

कायद्यालाही हा प्रवास करावा लागला आहे. इंग्लंडमध्ये १८६८ सालच्या हिकलिन खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरली ती अशी : ज्यांची मनं अशा प्रभावाला मोकळी आहेत त्यांना हा मजकूर बिघडवू शकेल का? म्हणजे सगळ्यात कच्च्या वाचकाची कल्पना करायची आणि त्याच्यावरून सगळ्यांचं ठरवायचं. १९५९ च्या कायद्याने हे बदललं. परिस्थिती पाहता जे वाचक खरोखर ते वाचण्याची शक्यता आहे त्यांचा विचार करायचा, आणि लेखन सुट्या उताऱ्यांवर न जोखता सलग घ्यायचं, असं ठरलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’वर खटला उभा राहिला. सरकारी वकील मर्व्हिन ग्रिफिथ-जोन्स यांनी ज्यूरीला विचारलं : तुमच्या पत्नीने किंवा नोकरांनी वाचावं असं हे पुस्तक आहे का? इतकं उघडं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. विचारणाऱ्याने पुस्तक वाचलेलं होतं, ज्यूरीलाही वाचायला दिलं जाणार होतं. धोका फक्त खोलीत हजर नसलेल्यांना होता. गंमत सोडा, गंभीर गोष्ट अशी की बारा जणांच्या ज्यूरीत तीन बायका होत्या. ज्यांच्या वतीने काळजी केली जात होती त्यांच्यातल्याच काही जणी निकाल द्यायला बसल्या होत्या. २ नोव्हेंबर १९६० ला प्रकाशक निर्दोष सुटले.

ज्यांची काळजी आहे त्यांना विचारा

आमच्याकडे किशोरवयीन मुलांसाठीच्या एका कादंबरीबद्दल अर्ज आला होता. तिच्यातला मुलगा घर सोडून जातो. अर्जात म्हटलं होतं की हे वाचून मुलं पळून जातील. मी अर्जदार बाईंना म्हटलं, पुस्तक ज्यांनी आधीच वाचलं आहे त्या मुलांशी आधी बोलू, तुम्हीही बसा. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला.

मुलांना ‘यामुळे तुम्ही बिघडाल का’ असं विचारायचं नसतं. कुणीही ‘नाही’च म्हणेल, कारण तृतीय पुरुष शोधायची सवय मुलांनाही आहे, त्यांच्या मते धोका त्यांच्याहून लहानांना असतो. म्हणून मी गोष्टीबद्दल विचारलं. लक्षात काय राहिलं? कुणाचा राग आला? तुम्ही असता तर पुढच्या पानावर काय केलं असतं? एका मुलीला त्या मुलाच्या आईबद्दलच बोलायचं होतं. दुसरा म्हणाला, तो घरी फोन का करत नाही याचाच मला राग आला. बहुतेकांना पळून जाण्यापेक्षा रात्री थंडीत झोपण्याचं वर्णन लक्षात राहिलं होतं, आणि ते त्यांना अजिबात मोहक वाटलं नव्हतं.

एक मुलगा मात्र सगळा वेळ गप्प होता. उठताना त्याने विचारलं, एवढ्या पैशांत तो खरंच इतक्या लांब जाऊ शकतो का? हा प्रश्न ऐकून अर्जदार बाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. त्याच्याशी वर्गशिक्षिका नंतर वेगळं बोलल्या. त्याच्या घरी खरोखरच अडचण होती, ती पुस्तकाच्या आधीपासूनची होती, आणि पुस्तकामुळे त्याला ती विचारायची वाट सापडली होती. बाईंची काळजी निराधार नव्हती, तिचा पत्ता फक्त चुकला होता. पुस्तक काढून घेतलं असतं तर या मुलाबद्दल कुणालाच काही कळलं नसतं.

म्हणून ‘इतरांना’ विचारताना दोन्ही शक्यतांसाठी कान उघडे ठेवा. बहुसंख्यांचं ऐकून ‘बघा, कुणाला काही झालं नाही’ म्हणत उठू नका. एखादा वेगळा प्रश्न येतो का ते पाहा.

गटात करायची एक मोजणी

समितीत किंवा पालकसभेत वाद पेटण्याआधी हे करून घ्या. प्रत्येकाला निनावी चिठ्ठी द्या. ‘या मजकुराचा वाईट परिणाम किती होईल’ याला शून्य ते दहा गुण द्यायचे आहेत : स्वतःवर, जवळच्या मित्रावर किंवा मैत्रिणीवर, आपल्यासारखंच काम करणाऱ्यांवर, शहरातल्या इतरांवर, एकूण समाजावर. कुठल्या क्रमाने विचारावं याची फार चिंता नको. संशोधकांनी प्रश्नांचा क्रम बदलून पाहिला आहे, दरी केवळ क्रमामुळे पडत नाही. मनात शंका असेल तर अर्ध्या लोकांना उलट्या क्रमाची चिठ्ठी द्या.

चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या की बहुधा आकडे पायरीपायरीने चढत जातात. १९८८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना बदनामीकारक बातम्या देऊन असंच विचारलं होतं. इतर स्टॅनफर्ड विद्यार्थी, मग इतर कॅलिफोर्नियावासी, मग एकूण जनमत, असं जितकं दूर जावं तितका परिणाम जास्त मानला गेला. गटाला मी एवढंच दाखवते : ज्यांना आपण सगळ्यात कमी ओळखतो त्यांच्याबद्दल आपण सगळ्यात मोठा आकडा दिला आहे. यावर भाष्य करू नका. फळा बघू द्या.

वेळ असेल तर दुसरी फेरी घ्या. आता मजकूर चांगला घ्या, उदाहरणार्थ दारू पिऊन गाडी चालवू नका असा संदेश, आणि त्याचा परिणाम किती होईल ते विचारा. अशा संदेशांच्या बाबतीत दरी अनेकदा आक्रसते किंवा उलटते, माणूस म्हणतो की माझ्यावर तर नक्की परिणाम होईल. असं झालं तर पहिल्या फेरीतले आकडे माध्यमाच्या ताकदीइतकेच आपल्या स्वतःबद्दलच्या चांगल्या मतातून आले होते, हे गटाला आपोआप दिसतं. अर्थात पाच-सात जणांच्या चिठ्ठ्या म्हणजे संशोधन नव्हे. त्यातून टक्केवारी काढून अहवालात घालू नका.

परिणामाची वाट लिहून काढा

‘हे पाहून हिंसा वाढेल’ या वाक्यात मधल्या कितीतरी पायऱ्या गाळलेल्या असतात. पाहिलं, समजलं, खरं वाटलं, करावंसं वाटलं, संधी मिळाली, केलं. प्रत्येक पायरीवर लिहा की तुम्हाला तिथे कशाने अडवलं असतं. वय, अनुभव, घरचे संस्कार, शंका, शिक्षेची भीती, निव्वळ नावड. मग त्या ओळखीच्या व्यक्तीसाठी तोच तक्ता भरा. २००१ साली मॅक्लाउड, डेटेनबर आणि इव्हलँड या संशोधकांनी दाखवलं की आपण स्वतःसाठी आणि इतरांसाठी दोन वेगळे हिशेब करतो. इतरांबाबत ‘ते हे जास्त ऐकतात ना, मग परिणाम होणारच’ इतकंच पुरतं. स्वतःबाबत मात्र आपण समज, विवेक असे बरेच अडथळे मोजतो. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

तक्ता भरूनही वाट खुली दिसली, तर ती गांभीर्याने घ्या. माध्यमांचा परिणाम ही कल्पना नाही. आत्महत्यांच्या भडक बातम्यांनंतर अनुकरण होतं, यावर भरपूर अभ्यास झाला आहे. व्हिएन्नामध्ये भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या सनसनाटी पद्धतीने छापल्या जात. १९८७ मध्ये तिथे पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या, वृत्तपत्रांनी वार्तांकन बदललं, आणि भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या आणि आत्महत्येचे प्रयत्न झपाट्याने घटले. इथे धोका कुणाला, कुठल्या तपशिलातून आणि कोणत्या मार्गाने, हे नेमकं ठाऊक होतं. उपायही नेमका होता : पद्धतीचं वर्णन नको, मथळ्यात भडकपणा नको. विषयावर बंदी घालावी लागली नाही.

सही करायची की नाही

आता मूळ अर्ज पुन्हा वाचा. मागितलेला उपाय आणि सापडलेला धोका एकमेकांच्या मापाचे आहेत का? वयाची सूचना, वेगळं कपाट, सोबत बसून वाचणं, आधी दोन शब्द सांगणं, वेळेचं बंधन, तक्रारीची सोय, हे सगळं बंदीच्या अलीकडे आहे. आणि बंदीच मागायची असेल तर हेही लिहा की ती राबवणारा माणूस रोज तो मजकूर पाहणार, मग तो का बिघडत नाही? याचं जे उत्तर सुचेल ते इतर प्रौढांनाही लागू पडतं का, तेही तपासा.

समोरच्याशी बोलताना एक पथ्य कडक पाळा. ‘हा तुमचा थर्ड पर्सन इफेक्ट आहे’ असं कुणालाही तोंडावर म्हणू नका. त्याने माणूस दुखावतो आणि दार बंद होतं. शिवाय ‘यांच्यावर या पूर्वग्रहाचा पगडा आहे, माझ्यावर नाही’ असं म्हणणं म्हणजे पुन्हा तेच करणं आहे. त्याऐवजी प्रश्न विचारा. कुणाची काळजी वाटते? ती व्यक्ती आपल्याशी बोलेल का? तुम्ही वाचलंत तेव्हा तुम्हाला काय वाटलं? या तिसऱ्या प्रश्नावर लोक बराच वेळ बोलतात, आणि अर्जातल्यापेक्षा किती तरी खरं बोलतात.

निर्णय तुमच्या हातात असेल तर उत्तर लेखी द्या. त्यात अर्जदाराची काळजी त्यांच्याच शब्दांत मांडा, कुणाशी बोललात ते नावं न देता सांगा, काय आढळलं ते लिहा, आणि कोणता उपाय का निवडला ते दोन-तीन वाक्यांत द्या. सहा महिन्यांनी फेरविचाराची तारीख टाका. त्या तारखेला अर्जदारांना स्वतः बोलवा आणि मधल्या काळात त्यांना काय दिसलं ते आधी ऐकून घ्या, मग तुमची नोंद वाचून दाखवा.